डेन्व्हरच्या कोरड्या थंडीत गिंको लावताना

माझं पहिलं गिंकोचं झाड थंडीनं मेलं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. त्या जानेवारीत एका रात्री पारा उणे वीस सेल्सिअसच्या खाली गेला होता, त्यामुळे कुणी शंकाही काढली नाही. जून उजाडला तरी पालवी नाही म्हणून खोड नखानं खरवडून पाहिलं, तर आत पार तपकिरी, कोरडंठक्क. उपटलं तेव्हा मुळांचा गोळा हातात आला तो भाजल्या विटेसारखा. पाच महिने त्या गोळ्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. ऑक्टोबरात स्प्रिंकलर बंद केला होता, आणि बर्फ पडतोय म्हणजे झाडाला पाणी मिळतंय, असं मी धरून चालले होते. झाड तहानेनं मेलं होतं.

म्हणून हा लेख. कोलोरॅडोत, रॉकी पर्वताच्या पूर्वेला डेन्व्हर, ऑरोरा, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स अशा गावांत घर घेतलेले बरेच मराठी लोक पहिल्या-दुसऱ्या वर्षी अंगणात झाड लावायला निघतात. आपली सगळी अक्कल पावसाळ्याच्या हिशेबानं घडलेली असते आणि इथे पावसाळाच नाही. वर्षभराचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून डेन्व्हरला जेमतेम १४-१५ इंच पाणी मिळतं, म्हणजे ३६० ते ३८० मिलिमीटर. मी सातारा जिल्ह्यातली. माण-खटावला आम्ही दुष्काळी म्हणतो. तिथेही सरासरी याहून जास्त पडतो.

गिंकोच का

२०१३ साली बोल्डरमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत किडा सापडला. तो अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली पोखरत जातो आणि काही वर्षांत झाड उभं वाळतं. इथल्या गावांमध्ये रस्तोरस्ती अ‍ॅशच लावलेले, त्यामुळे आता एकेक करून ते कापले जाताहेत आणि त्या जागी काय लावायचं हा प्रश्न घरोघरी आहे. गिंकोला कीड जवळजवळ लागत नाही. इथली माती चिकण आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) साडेसात ते आठच्या घरात. अशा मातीत सिल्व्हर मेपल किंवा पिन ओक लावलात तर लोह न मिळाल्यानं पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गिंको ते सोसतो. थंडीचं म्हणाल तर उणे तीस सेल्सिअसपर्यंत त्याला काही होत नाही.

एक वेळ अशी होती की गिंको अमेरिकेचाच होता. इथल्या खडकांत त्याच्या पानांचे जीवाश्म मिळतात, वॉशिंग्टन राज्यात तर त्याच्याच नावाचं दगड झालेल्या लाकडांचं उद्यान आहे. पुढे तो या खंडातून नाहीसा झाला, चीनमध्ये तेवढा टिकला. १७८४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी फिलाडेल्फियात तो पुन्हा आणून लावला. त्यामुळे परदेशी झाड म्हणून कुणी नाक मुरडलं तर हे सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. हिरोशिमात अणुबॉम्ब पडला तिथून दोन किलोमीटरच्या आत उभे असलेले काही गिंको पुन्हा फुटले, ही हकिकत नर्सरीत गेलात की तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच. हकिकत खरी आहे. पण ती जमिनीत खोल मुळं गेलेली जुनी झाडं होती. तुम्ही विकत आणलेल्या रोपाची मुळं कुंडीएवढ्या मातीत आहेत. पहिली तीन वर्षं त्याला चिवट समजू नका, तान्हं समजा.

आणि सावलीची घाई असेल तर दुसरं झाड बघा. गिंको इथे वर्षाला सहा ते बारा इंच वाढतो. लावल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तर तो फक्त बसून राहतो. ९,००० फुटांवरच्या डोंगरातल्या गावांत तुमचं घर असेल तर नादाला लागू नका, तिथला उन्हाळा त्याला पुरत नाही.

रोप निवडताना

गिंकोत नर झाड वेगळं, मादी वेगळी. मादीला जर्दाळूसारखी पिवळट फळं धरतात. खरं तर ती गरात गुंडाळलेली बी असते. ती खाली पडून कुजली की खवटलेल्या लोण्याचा वास सुटतो. लोणी खवट होतं तेव्हा त्यात जे ब्युटिरिक आम्ल सुटतं, तेच या गरात असतं, त्यामुळे ही उपमा नाही, वस्तुस्थिती आहे. शिवाय तो गर हाताला लागला तर काही जणांना बिब्बा उतल्यासारखी खाज येते. म्हणून घराजवळ नरच लावावा.

रोपाकडे बघून नर-मादी कळत नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडाला बहर यायला वीस-तीस वर्षं लागतात, तोपर्यंत उत्तर मिळत नाही. खात्री हवी तर कलमी रोप घ्या आणि चिठ्ठीवर जातीचं नाव वाचा. ‘ऑटम गोल्ड’ हा पसरट वाढणारा नर, मोकळ्या अंगणाला चांगला. ‘प्रिन्सटन सेंट्री’ हाही नर, पण सरळ उंच आणि अरुंद, दोन घरांमधल्या पट्टीत मावतो. ‘मारिकेन’ ही बुटकी जात, कंबरेएवढं गोल झुडूप होतं. ती कुंडीतही ठेवता येते, पण इथल्या हिवाळ्यात कुंडीतली मुळं चहूबाजूंनी गोठतात, तेव्हा नवख्यानं पहिला गिंको कुंडीत ठेवू नये.

नर्सरीत तीन गोष्टी बघा. पहिली, कलमाचा जोड. खोडाच्या तळाशी थोडा वाक किंवा गाठ दिसते तो जोड. जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर तो, ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाचा असतो, आणि खुंट मादी असू शकतो. असे फुटवे पुढेही दिसतील तेव्हा लगेच काढायचे. दुसरी, कुंडीच्या कडेनं मुळं गोल गोल फिरली आहेत का. रोप कुंडीतून थोडं उचलून दाखवायला सांगा; नकार दिला तर दुसरीकडे जा. तिसरी, खोड खाली जिथे रुंदावून मुळांत शिरतं ती जागा मातीच्या वर दिसते का. बहुतेक वेळा ती दोन-तीन इंच मातीखाली गाडलेली असते, लावताना वरची माती खरवडून ती उघडी करावी लागते.

मोठं रोप घ्यायचा मोह होतो. दीड इंच जाडीच्या खोडाचं रोप पुरे. जितकं मोठं झाड, तितकी त्याला बस्तान बसवायला जास्त वर्षं. साधारण खोडाच्या दर इंच जाडीमागे एक उन्हाळा धरा, इथल्या कोरड्या हवेत त्याहून थोडा जास्तच.

बियांपासून करून बघायची हौस असेल तर हातमोजे घालून गर धुऊन काढा, बी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवा आणि मग पेरा. मुलांबरोबर करायला हा छान उद्योग आहे, फक्त बिया त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका. जपानमध्ये भाजून खातात हे खरं, पण तेही मोजक्याच. जास्त खाल्ल्या तर झटके येऊ शकतात. आणि पुण्याहून कुणी मावशी ‘स्मरणशक्तीला चांगला म्हणे, पानांचा काढा करतेस का’ असं विचारेल, तर नाही म्हणून सांगा. कच्च्या पानांत त्रासदायक आम्लं असतात. गोळ्या बनवताना ती काढून टाकलेली असतात, काढ्यात ती तशीच उतरतात.

जागा

ऊन हवं, पण भिंतीवरून किंवा काँक्रीटवरून परतून येणारं ऊन नको. घराच्या नैर्ऋत्येला, ड्राइव्हवेच्या कडेला लावलेल्या कोवळ्या गिंकोची पानं जुलैत कडेनं करपतात. घराच्या पूर्वेची जागा पहिली पसंती. त्याच्या बुंध्याशी शोभेचे दगड पसरू नका. इथे अनेक वसाहतींत पाणी वाचवायचं म्हणून गोटे पसरलेले असतात. ते दिवसभर तापतात आणि मुळं भाजून काढतात. माझ्या पहिल्या झाडाभोवती असेच गोटे होते.

भिंतीपासून किमान १५ ते २० फूट सोडा, वर विजेच्या तारा नाहीत ना बघा. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली पट्टी तुमची वाटली तरी ती शहराच्या अखत्यारीत येते, तिथे झाड लावायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर त्यांनाही विचारून घ्या, मागाहून पत्र येण्यापेक्षा बरं.

खणण्याच्या काही दिवस आधी ८११ या नंबरला फोन करायचा. जमिनीखालून गॅसची, विजेची लाइन कुठून जाते ते लोक येऊन रंगानं आखून देतात, पैसे लागत नाहीत. हे टाळू नका. आपल्याकडे पहार मारली तर फार तर दगड लागतो, इथे गॅसची पाइप लागेल.

केव्हा लावायचा

आपल्याला जून-जुलै सुचतो. इथे तोच सगळ्यात वाईट काळ, कोरडं रखरखीत ऊन. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत लावा, नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मी वसंतातच लावते, कारण पहिल्या हिवाळ्याआधी मुळांना एक पूर्ण उन्हाळा मिळतो. ऑगस्टअखेर नर्सरीत सेल लागतो आणि झाडं निम्म्या किमतीत मिळतात. माझं पहिलं झाड त्या सेलमधलंच होतं.

खड्डा

इथे आपला सगळ्यात मोठा गैरसमज आड येतो. गावी आंब्यासाठी आम्ही तीन फूट खोल खड्डा घ्यायचो, तळाला पालापाचोळा, शेणखत, वर चांगली माती. इथे तसं करू नका. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद आणि कडांना उतार असलेला, थाळ्यासारखा. खोली गोळ्याच्या उंचीपेक्षा एक-दोन इंच कमीच, म्हणजे गोळा जमिनीपेक्षा किंचित वर बसेल. चिकण मातीत खाली हवा जात नाही. खोल लावलेल्या झाडाची मुळं गुदमरतात. खड्ड्याचा तळ भुसभुशीत करू नका, नाहीतर झाड पुढे खचतं. बाजूच्या भिंती मात्र फावड्यानं गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून खडबडीत करा, त्यातूनच मुळं बाहेर पडणार असतात.

मग क्रमानं असं:

रोप कुंडीतून काढून वरची जास्तीची माती खरवडा, खोडाचा रुंद होणारा भाग दिसेपर्यंत. गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार सुरीनं गोळ्याला चारी बाजूंनी उभे काप द्या. पहिल्यांदा करताना जीव होत नाही, पण न कापलेली मुळं तशीच गोल वाढत राहतात आणि पंधरा वर्षांनी खोडालाच फास लावतात. गोणपाट आणि तारेत बांधलेलं झाड असेल तर ते खड्ड्यात बसवल्यावर वरची तार आणि गोणपाट कापून काढा, निदान वरचा निम्म्याहून जास्त भाग तरी.

झाड सरळ उभं आहे का हे दोन बाजूंनी लांब जाऊन बघा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. निघालेलीच माती परत भरा, ढेकळं फोडून. थोडं कंपोस्ट मिसळायचं असेल तर सगळ्या खड्डाभर सारखं मिसळा. गोळ्याभोवती नुसती खताची गादी केलीत तर मुळं त्या गादीतच लोळत राहतात, बाहेरच्या कठीण मातीत जायचं नाव घेत नाहीत. पायानं तुडवून माती दाबू नका, पाणी घाला, ती आपोआप बसते. पहिल्या वर्षी रासायनिक खत अजिबात नको.

आळं करायचं, पण खोडाला चिकटून नाही. मुळांच्या गोळ्याच्या कडेवर तीन इंच उंचीचा मातीचा वरंबा गोल फिरवा. त्यावर आणि बाहेरही तीन-चार इंच लाकडाच्या चिपा पसरा, बुंध्यापासून मात्र वीतभर लांब. बुंध्याशी चिपांचा डोंगर करायची इथे फॅशन आहे. त्यानं साल कुजते आणि हिवाळ्यात उंदरांना आयतं घर मिळतं.

आधाराच्या काठ्या वारा फार असेल तरच, रुंद पट्ट्यांनी आणि सैल बांधून. वर्षानं काढून टाका.

पहिला उन्हाळा

पाण्याचं माप सोपं आहे: जमिनीपासून सहा इंचांवर खोडाची जाडी मोजा आणि दर इंचामागे १० गॅलन पाणी एका वेळी द्या. दीड इंचाच्या झाडाला १५ गॅलन, म्हणजे ५५-६० लिटर. लागवडीनंतर पहिले काही आठवडे गोळा सुकतोय का हे दोन-तीन दिवसांनी बघावं लागतं, कारण कुंडीतली हलकी माती आजूबाजूच्या चिकण मातीपेक्षा फार लवकर वाळते. पुढे आठवड्यातून एकदा. स्प्रिंकलरवर विसंबू नका, तो गवताची वरची दोन इंच भिजवतो.

किती घालायचं यापेक्षा केव्हा घालायचं याचा गोंधळ जास्त होतो. मी लांब स्क्रूड्रायव्हर वापरते. तो गोळ्यात सहा इंच सहज शिरला तर थांबा, अडला तर पाणी द्या. चिकण माती वरून भेगाळलेली आणि खाली चिखल, असंही असतं. तेव्हा वरवर बघून होज धरलात तर झाड बुडवाल.

जुलैत पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर घाबरू नका. पहिली दोन-तीन वर्षं हे होतंच. पाणी ठीक आहे एवढं बघा आणि पानं तोडू नका. गारपीटही होते, आमच्याकडे मे-जूनमध्ये गारा पडतात आणि पंख्यासारखी ती सुंदर पानं दहा मिनिटांत चाळण होतात. लगेच छाटणीला लागू नका. झाड तेवढ्यावर वर्ष काढतं किंवा नवी पानं काढतं.

गवतावर तण मारायचं औषध आणि खत एकत्र असलेली पिशवी मिळते, ती झाडाच्या आसपास टाकू नका. त्यातलं डायकांबासारखं तणनाशक मुळांवाटे झाडातही जातं.

ऑगस्टच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करा. झाडाला झोपायची तयारी करू द्यायची असते. १० नोव्हेंबर २०१४ ला डेन्व्हरला ६० फॅरनहाइटच्या वर ऊबदार हवा होती आणि दोनच दिवसांत पारा उणे १० फॅरनहाइटच्या खाली गेला. सायबेरियन एल्म, चेरी अशी कितीतरी झाडं त्यात गेली, कारण ती अजून जागी होती.

हिवाळ्यातलं पाणी

हा भाग मी बाबांना फोनवर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘अगं, बर्फात पाणी घालतेस?’

बर्फात नाही, बर्फ नसताना. दहा-बारा इंच बर्फ वितळला तर जेमतेम एक इंच पाणी होतं. तेही सगळं जमिनीत जात नाही. रॉकीवरून चिनूक नावाचे कोरडे गरम वारे उतरतात आणि बर्फ वितळायच्या आधीच उडवून नेतात. जानेवारीत अचानक १५ सेल्सिअस होतं, लोक अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरतात, आणि त्याच उन्हात-वाऱ्यात झाडाची साल आणि कळ्या पाणी गमावत असतात. मुळं मात्र ऑक्टोबरपासून कोरडी. झाड निष्पर्ण असतं म्हणून ते मरतंय हे दिसतही नाही. दिसतं ते थेट मेमध्ये, पालवी येत नाही तेव्हा.

म्हणून ऑक्टोबर ते मार्च, आणि एप्रिल कोरडा गेला तर तेव्हाही, महिन्यातून एक-दोनदा पाणी. अटी अशा: हवा ४० फॅरनहाइटच्या (४ सेल्सिअसच्या) वर हवी, जमिनीवर बर्फाचा थर नको, माती गोठलेली नको. दुपारच्या आत घाला म्हणजे रात्री गोठायच्या आधी ते मुरतं. बुंध्याशी साचलेलं पाणी रात्री गोठलं तर सालीला इजा होते. माप तेच, इंचाला १० गॅलन. आठवडाभरात चांगला ओला बर्फ पडून गेला असेल तर ती पाळी सोडा.

लक्षात ठेवण्यासाठी मी एक युक्ती केली. भिंतीवर कालनिर्णय असतंच. नव्या झाडाला दोन्ही एकादशींच्या आसपास, तीन वर्षं झालेल्या झाडाला दर संकष्टीला. त्या दिवशी हवा गोठलेली असेल तर पुढच्या उबदार दुपारी. उपास मी करत नाही, पण झाडाचा उपास मोडते.

आता नळाची गंमत. ऑक्टोबरात स्प्रिंकलरच्या पाइपांत हवा मारून त्या रिकाम्या करतात, त्यामुळे ती सोय संपते. बाहेरच्या नळाला होज लावून पाणी घातलंत तर काम झाल्यावर होज काढायलाच हवी. होज लावून ठेवली तर नळात पाणी अडकून गोठतं, भिंतीतली पाइप फुटते आणि तळघरात पाणी येतं. हे माझ्याकडे झालेलं नाही, शेजारी झालं आणि त्याच्या खर्चाची बेरीज मी ऐकलेली आहे. सगळ्यात सोपा मार्ग बादल्यांचा. पाच गॅलनच्या तीन बादल्या घ्या, प्रत्येकीच्या तळाला कडेशी एक बारीक भोक पाडा, आळ्यात ठेवा आणि घरातून भरून आणलेलं पाणी त्यात ओता. तासाभरात झिरपून जातं. आपल्याकडच्या मडक्याच्या ठिबकाचाच हा भाऊ.

पाणी कुठे घालायचं? पहिल्या हिवाळ्यात मूळ गोळ्यावर आणि त्याच्या जरा बाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वर्तुळ वाढवत न्या, फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे. मुळं पाणी असेल तिकडेच जातात.

साल जपा

कोवळ्या गिंकोची साल पातळ. हिवाळ्यात खाली उतरलेला सूर्य दुपारी नैर्ऋत्येकडून खोडावर पडतो, सालीखालच्या पेशी ऊब लागून जाग्या होतात आणि सूर्य मावळताच गोठून मरतात. वसंतात त्या बाजूला उभी भेग दिसते, साल सुटते. उपाय स्वस्त आहे: फिकट रंगाची कागदी पट्टी मिळते, ती खालून वर, एकावर एक थर येईल अशी पहिल्या फांद्यांपर्यंत गुंडाळा. वरून खाली गुंडाळलीत तर थरांत पाणी शिरतं. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास लावायची, एप्रिलमध्ये काढायची. काढायला विसरू नका, उन्हाळ्यात आत ओल धरून किडे राहतात. तीन-चार वर्षं करा, साल जाड झाली की सोडा.

सशांचं काय? हरणांना गिंको फारसा आवडत नाही, पण बर्फात खायला काही नसलं की ससे बुंध्याची साल चारी बाजूंनी सोलतात. दोन फूट उंच जाळीचं नळकांडं, खोडापासून थोडं लांब.

वसंतात धीर

शेजारचे मेपल, क्रॅबअ‍ॅपल एप्रिलमध्ये फुटतील, तुमचा गिंको काड्यासारखा उभा असेल. तो उशिराच फुटतो, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, नव्या रोपाला तर मेअखेरही उजाडते. त्याचा फायदाच आहे, इथे मेच्या सुरुवातीपर्यंत हिमकडाका पडतो आणि लवकर फुटलेल्यांची पालवी जळते. जूनच्या मध्यापर्यंत कुठलाही निकाल देऊ नका. खात्री करायची तर एका बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

छाटणी जवळजवळ नाहीच. मधला शेंडा मोडू देऊ नका, दोन शेंडे स्पर्धा करत असतील तर हिवाळ्याच्या शेवटी एक कापा. गिंको पोरवयात वेडावाकडा, हात पसरल्यासारखा दिसतो. त्याला आकार द्यायला कात्री घेऊन बसू नका, वीस वर्षांनी तो स्वतःच भरतो.

पानं गळताना

ऑक्टोबरच्या मध्यावर झाड पिवळं व्हायला लागतं. पान दुभागलेलं, पिवळंधमक. दसरा उशिरा असेल त्या वर्षी आमच्या मराठी मंडळात आपट्याऐवजी हेच सोनं वाटलं जातं. दसरा सप्टेंबरात आला तर पानं हिरवीच असतात, मग मुलं म्हणतात की यंदा कच्चं सोनं आहे.

पहिला कडक गारठा पडला की एका दिवसात, कधी एका सकाळीच, सगळी पानं एकदम खाली येतात. वारा नसताना तो आवाज ऐकण्यासारखा असतो. रेक एकदाच मारावा लागतो, म्हणून आळशी माणसाला हे झाड फार सोयीचं. गोळा केलेली पानं चिपांच्या खाली पसरली तरी चालतात, फक्त बुंध्यापासून तेवढीच वीतभर लांब.

पानं उचलून झाली की त्याच आठवड्यात एक भरपूर पाणी, मग सालीला कागद, मग सशांची जाळी. होज काढून गॅरेजमध्ये टांगा आणि बादल्या हाताशी ठेवा, पुढची एकादशी फार लांब नसते.